माणसे दोनदा बदलली, हद्दी तशाच राहिल्या : होलाशोवित्से या चेक गावाची ओळख

चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिण भागात, चेस्के बुद्येयोवित्से या शहराच्या पश्चिमेला पंधरा-अठरा किलोमीटरवर, होलाशोवित्से नावाचे सुमारे १४० वस्तीचे गाव आहे. तेथे कोणी राजा जन्मला नाही, कोणती निर्णायक लढाई झाली नाही, मोठे चर्चही नाही. तरीसुद्धा १९९८ साली जपानमधील क्योतो येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले, म्हणजे ज्या यादीत अजिंठा आणि वेरूळ १९८३पासून आहेत, त्याच यादीत शेतकऱ्यांची घरे, धान्याची कोठारे, एक तळे आणि एक लहानसे प्रार्थनामंदिर जाऊन बसले. असे का घडले, हे समजून घ्यायचे तर नुसत्या सुंदर दर्शनी भिंती पाहून भागत नाही. जमिनीची आखणी, मालकी, साथीचा रोग, कायदा आणि विसाव्या शतकातील राजकारण हे सगळे धागे एकत्र पाहावे लागतात.

प्रथम भूगोल. चेस्के बुद्येयोवित्सेच्या भोवती एक सपाट, सखल खोरे पसरलेले आहे. त्यात पाणथळ कुरणे, दलदली आणि शेकडो मानवनिर्मित तळी आहेत. दक्षिण बोहेमियातील (बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडील मोठा भाग) तळ्यांमध्ये मध्ययुगापासून कार्प जातीचे मासे वाढवले जातात आणि नाताळच्या पूर्वसंध्येला चेक घरांत आजही हाच मासा शिजतो. या खोऱ्याच्या कडेला, जेथे सपाटी संपून जमीन हळूहळू चढू लागते, तेथे होलाशोवित्से वसलेले आहे. दक्षिणेला ब्लान्स्की लेस ही जंगलाने झाकलेली डोंगररांग असून तिचे सर्वोच्च शिखर क्लेत्य १०८४ मीटर उंच आहे. नैर्ऋत्येला त्याहूनही पलीकडे शुमावा पर्वत आणि त्यामागे बव्हेरिया व ऑस्ट्रिया. शुमावातून निघालेली व्ल्तावा नदी विश्शी ब्रोद, चेस्की क्रुम्लोव आणि चेस्के बुद्येयोवित्से ही गावे-शहरे घेत उत्तरेकडे प्रागला जाते. होलाशोवित्से या नदीच्या काठावर नाही, पण गावाचे नशीब नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या विश्शी ब्रोदमध्ये कित्येक शतके ठरत होते.

गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ सालचा आहे. तेराव्या शतकात बोहेमियाचे राजे, सरदार आणि मठ यांनी जंगले तोडून, दलदली कोरड्या करून नवीन गावे वसवण्याचा सपाटा लावला होता. चेस्के बुद्येयोवित्से हे शहरही राजा दुसरा प्शेमिस्ल ओटाकार याने १२६५ साली स्थापन केले. अशा काळात गाव वसवण्याचे काम बहुधा एखाद्या कंत्राटी माणसाकडे दिले जाई. तो शेतकरी कुटुंबे गोळा करून आणी, जमीन मोजून आखून देई आणि त्या बदल्यात स्वतः काही हक्क मिळवी. शेतकऱ्याला मिळालेली जमीन वंशपरंपरेने त्याच्याकडे राही आणि तो ठरलेला खंड भरत असे. गाव असे एकदम आणि मोजून वसवले गेल्यामुळे त्याची रचना शिस्तबद्ध होई. मधोमध लांबट मोकळे पटांगण, त्याच्या दोन्ही अंगांना ओळीने घरे, प्रत्येक घराच्या मागे आवार, आवाराच्या शेवटी धान्याचे मोठे कोठार, त्यामागे फळबाग आणि बागेपलीकडे शेतजमीन.

होलाशोवित्सेचे पटांगण सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद आहे. चेक लोक या मधल्या जागेला नावेस म्हणतात. गुरे येथूनच चरायला निघत, आग लागली तर पाणी येथल्याच तळ्यातून उपसले जाई, आणि लोहाराची कार्यशाळा घरांच्या रांगेपासून सुटी, मोकळ्यावर असे, कारण भट्टीची ठिणगी कोणाच्या छपरावर पडलेली परवडणारी नव्हती. पटांगणाभोवती वीसहून अधिक शेतकरी आवारे उभी आहेत. त्यांच्या रुंदीत आणि मांडणीत तेराव्या शतकातील मोजणी अजून वाचता येते. घरे त्या काळची नाहीत. आज उभ्या असलेल्या बहुतेक इमारती अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील आहेत. जुना आहे तो आराखडा, आणि वारसा म्हणून या गावाचे मूल्य ठरवताना दर्शनी भिंतींइतकाच हा आराखडाही मोलाचा मानला गेला.

१२९२ साली राजा दुसरा वात्स्लाव याने आसपासच्या काही गावांसह होलाशोवित्से विश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूंच्या पंथाच्या मठाला दान दिले. हा मठ रोझंबेर्क घराण्यातील वोक या सरदाराने १२५९ साली स्थापन केला होता. सिस्टर्शियन साधू शेती, जंगल, तळी आणि हिशेब यांत मुरलेले होते आणि त्यांच्या दृष्टीने गाव म्हणजे नियमित खंड देणारी मालमत्ता होती. हे दान पुढे १८४८पर्यंत, म्हणजे ५५६ वर्षे, टिकले. सरदारांच्या ताब्यातील गावे विवाह, कर्ज, युद्ध आणि जप्ती यांच्यामुळे हातोहात फिरत राहिली. मठाचे मात्र वारसदार भांडत नाहीत आणि वाटण्या होत नाहीत. मला वाटते, होलाशोवित्सेच्या इतिहासातील सर्वांत मोठी, पण पर्यटकांना कमीत कमी सांगितली जाणारी गोष्ट हीच आहे की साडेपाच शतके मालक एकच होता आणि त्याच्या दप्तरातील नोंदी अखंड होत्या.

या नोंदींचे महत्त्व सोळाव्या शतकात कळले. १५२० ते १५२५ या काळात प्लेगच्या साथीने गाव जवळजवळ नाहीसे झाले. फक्त दोन माणसे वाचली असे सांगितले जाते. या साथीची आठवण देणारा स्तंभ गावाजवळ आहे. इतकी माणसे गेल्यावर मध्ययुगातील कित्येक गावे कायमची उजाड झाली आणि त्यांची नावे फक्त शेतांच्या नावांत उरली. येथे तसे झाले नाही, कारण मठाला खंड हवा होता आणि ओस पडलेली जमीन खंड देत नाही. मठाने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियाकडील आपल्या परिचयाच्या प्रदेशांतून शेतकरी कुटुंबे बोलावली आणि त्यांना त्याच जुन्या जागांवर बसवले. १५३०पर्यंत रहिवाशांची संख्या १७वर आली होती आणि पुढे ती हळूहळू वाढत गेली. घरात बोलली जाणारी भाषा चेकऐवजी जर्मन झाली, पण पटांगण, आवारांच्या हद्दी आणि शेतांच्या पट्ट्या तशाच राहिल्या.

भाषेचा हा बदल किती पक्का झाला ते १८९५च्या आकड्यांवरून दिसते. त्या वर्षी गावात १५७ जर्मन आणि १९ चेक रहिवासी होते. आजूबाजूची अनेक गावे चेकभाषक असताना मधेच हे जर्मनभाषक गाव होते, आणि त्याचे मूळ एकोणिसाव्या शतकातील राष्ट्रवादात नसून साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या साथीत होते. बोहेमियातील चेक-जर्मन वादाकडे पाहताना हा तपशील विसरता कामा नये. कोण कोठे कधीपासून राहतो, या प्रश्नाचे उत्तर तेथे गावागणिक वेगळे येते.

आता घरांकडे वळू, कारण छायाचित्रांत जे दिसते ते हेच. पटांगणाच्या बाजूने पाहिले की प्रत्येक आवाराची दर्शनी बाजू साधारण एकाच घडणीची दिसते. दोन त्रिकोणी माथ्यांच्या भिंती शेजारी-शेजारी रस्त्याकडे तोंड करून उभ्या असतात आणि त्यांना जोडणाऱ्या भिंतीत कमानदार दरवाजा असतो. गाडीसाठी मोठे दार आणि माणसांसाठी लहान दार वेगळे असते. एका माथ्यामागे राहते घर असते. रस्त्याच्या बाजूला बैठकीची खोली, मग ओटी-स्वयंपाकघर, मग आणखी एखादी खोली आणि त्याच छपराखाली पुढे गोठा. दुसऱ्या माथ्यामागे धान्याचे कोठार किंवा म्हाताऱ्या आईवडिलांचे छोटे घर असते.

या छोट्या घरामागे एक पूर्ण कायदेशीर व्यवस्था आहे. बोहेमियात शेत सहसा मुलांमध्ये वाटले जात नसे. ते एका वारसाकडे अखंड जाई आणि बाकीच्या भावंडांना पैशांत हिस्सा मिळे. बाप शेत मुलाच्या नावावर करताना लेखी करार करी. त्यात म्हातारपणी राहायला कोणती जागा मिळेल, वर्षाला किती धान्य, किती दूध, किती अंडी, किती सरपण मिळेल, कोणत्या झाडाची फळे आपली असतील, इथपर्यंत बारीक कलमे असत. आईवडिलांनी स्वतःच्याच मुलाशी असा करार करावा, हे आज वाचताना जरा कोरडे वाटते, पण त्या काळी म्हातारपणाची दुसरी कोणती हमी नव्हती आणि करार असल्यामुळे भांडण न्यायालयात सोडवता येई. शेताचे तुकडे न पडण्याचा परिणाम गावाच्या रूपावर थेट झाला. आवारे जितकी होती तितकीच राहिली, मधे भिंती घालून ती चिरली गेली नाहीत, आणि तेराव्या शतकातील रुंदी एकोणिसाव्या शतकातील गवंड्याला जशीच्या तशी मिळाली.

हा गवंडी ज्या शैलीत काम करत होता तिला ‘दक्षिण बोहेमियाची ग्रामीण बरोक शैली’ म्हणतात. बरोक ही मूळची सतराव्या-अठराव्या शतकातील राजवाडे, चर्चे आणि मठ यांची शैली. वळणदार माथे, गुंडाळलेल्या पानासारखी नक्षी, भिंतीतून किंचित पुढे आलेले सपाट खांब आणि छायाप्रकाशाचा खेळ ही तिची लक्षणे. शहरात ती फॅशन केव्हाच ओसरली होती. खेड्यात मात्र तिला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात, म्हणजे जवळजवळ शंभर वर्षे उशिरा, नवा बहर आला. स्थानिक गवंड्यांनी चर्चच्या भिंतीवर पाहिलेले आकार चुन्याच्या गिलाव्यात, आपल्या हाताने, आपल्या समजुतीप्रमाणे घराच्या माथ्यावर उतरवले. म्हणूनच ओळखीचे आकार येथे किंचित फुगलेले, किंचित वाकडे, कधी दोन-तीन पद्धती एकत्र मिसळलेले दिसतात. माथ्यावर बांधकामाचे वर्ष, मालकाच्या नावाची आद्याक्षरे, एखाद्या संताची मूर्ती किंवा फुलांची नक्षी असते. पिवळा, गुलाबी, हिरवट, निळसर असे फिकट रंग आणि त्यावर पांढऱ्या गिलाव्याची उठावदार नक्षी. जाणकारांना ही शैली कधी काळी मागासलेली नक्कल वाटत असे. पण नियम न शिकलेल्या हातांनी नियमबद्ध शैलीत मिळवलेला हा मोकळेपणा कित्येक राजवाड्यांच्या थंड नेटकेपणापेक्षा मला अधिक जिवंत वाटतो.

पण शेतकऱ्यांना हे सगळे परवडले कसे आणि नेमके त्याच काळात का? याची कारणे कायद्यात आहेत. अठराव्या शतकापर्यंत येथील घरे मुख्यतः लाकडाची होती आणि एका घराला लागलेली आग पूर्ण गाव खाऊन टाकी. बोहेमियावर राज्य करणाऱ्या हाप्सबुर्ग घराण्यातील मारिया तेरेझा आणि तिचा मुलगा दुसरा योसेफ यांच्या कारकिर्दीत आगीपासून बचावाचे हुकूम निघाले आणि लाकडाऐवजी दगड-विटांच्या बांधकामावर भर आला. १७८१ साली योसेफने भूदासत्वाचे जुने बंधन काढले. शेतकऱ्याला लग्नासाठी, गाव सोडण्यासाठी किंवा मुलाला धंदा शिकवण्यासाठी जमीनदाराची परवानगी मागावी लागेनाशी झाली. तरी वेठ आणि खंड चालूच होते. ते १८४८च्या क्रांतीत संपले. त्या वर्षी हाप्सबुर्ग साम्राज्यातील वेठ रद्द झाली आणि जमीन शेतकऱ्याच्या पूर्ण मालकीची झाली. जमीनदारांना द्यायच्या भरपाईचा साधारण एक तृतीयांश भाग शेतकऱ्यांनी भरला, एक तृतीयांश सरकारने उचलला आणि उरलेला तिसरा भाग जमीनदारांनी सोडून दिला. होलाशोवित्सेवरील मठाचा ताबाही याच वेळी संपला. आठवड्यातील जे दिवस दुसऱ्याच्या शेतात जात होते ते आता स्वतःच्या शेतात जाऊ लागले, धान्याला भाव मिळत होता, आणि हातात आलेला पैसा शेतकऱ्यांनी प्रथम रस्त्याकडे तोंड केलेल्या भिंतीत घातला. माथ्यावर कोरलेले वर्ष आणि आद्याक्षरे ही त्या अर्थाने मालकीची जाहीर नोंदच होती.

पटांगणातील प्रार्थनामंदिर यापूर्वीचे, १७५५ सालचे आहे. ते नेपोमुकच्या संत यान याला वाहिलेले असून त्याचा माथा घंटेच्या आकाराचा आणि वर छोटा मनोरा आहे. हा यान प्रागचा धर्माधिकारी होता. राजा चौथा वात्स्लाव याच्या आज्ञेने त्याला १३९३ साली व्ल्तावा नदीत बुडवण्यात आले. १७२९ साली पोपने त्याला संत घोषित केले आणि त्यानंतर काही दशकांतच बोहेमियातील पूल, नदीकाठ आणि गावे त्याच्या मूर्तींनी भरून गेली. पुरापासून रक्षण करणारा, पुलांचा आणि गुपिते राखणारा संत अशी त्याची ओळख आहे. त्यामुळे होलाशोवित्सेचे हे मंदिर गावाचे वैशिष्ट्य म्हणून पाहण्यापेक्षा त्या काळच्या लाटेचा एक नमुना म्हणून पाहावे. वास्तू म्हणून ते साधे आहे, आणि पटांगणाच्या प्रमाणाला शोभेल इतकेच लहान आहे.

गाव दुसऱ्यांदा रिकामे झाले ते विसाव्या शतकात. १९३८च्या म्युनिक करारानंतर हिटलरने चेकोस्लोव्हाकियाचे सीमाभाग गिळले, पुढे उरलेला चेक प्रदेशही व्यापला, आणि युद्ध संपल्यावर १९४५-४६मध्ये देशातील सुमारे ३० लाख जर्मनभाषक लोकांना घरदार सोडून जर्मनी व ऑस्ट्रियात जावे लागले. सुरुवातीची हकालपट्टी हिंसक होती. विजेत्या मित्रराष्ट्रांच्या पॉट्सडॅम परिषदेनंतर ती सरकारी पद्धतीने झाली. मोजके सामान सोबत नेण्याची मुभा होती आणि घर, जमीन, गुरे जप्त झाली. होलाशोवित्सेतील बहुसंख्य कुटुंबे अशी गेली. चारशे वर्षांपूर्वी प्लेगनंतर आलेल्या लोकांच्या वंशजांचा हा शेवट होता. नाझी राजवटीचे अत्याचार आणि त्यानंतर सामूहिक दंड म्हणून झालेली ही हकालपट्टी, या दोन्ही गोष्टी आज चेक आणि जर्मन इतिहासकार एकत्र अभ्यासतात. गावातील सुंदर माथ्यांवरील बरीच आद्याक्षरे मात्र ज्यांची आहेत ते लोक तेथे नाहीत, हे फिरताना लक्षात ठेवलेले बरे.

या वेळी गाव पुन्हा भरण्याची घाई असलेला मठ नव्हता. विश्शी ब्रोदचा मठच १९५० साली कम्युनिस्ट सरकारने बंद पाडला. काही घरांत नवे लोक आले, पण बरीच आवारे ओस राहिली. १९४८नंतर खासगी शेती सहकारी शेतीत विलीन करण्यात आली. त्यामुळे प्रत्येक घरामागचे कोठार, गोठा आणि फाटक यांचा मूळ उपयोगच संपला, आणि छपरे गळू लागली. याच काळात बोहेमियातील इतर अनेक खेड्यांत लोकांनी हौसेने आणि सोयीसाठी जुनी घरे बदलली. रुंद आडव्या खिडक्या बसल्या, जुने माथे पाडले गेले, चुन्याच्या नक्षीवर सिमेंटचा राखाडी गिलावा चढला, अंगणात गॅरेज आले. होलाशोवित्सेत असे बदल करायला पुरेशी माणसे नव्हती आणि पैसाही नव्हता. गाव मोडकळीस आले, पण त्याचे नूतनीकरण झाले नाही. वारशाच्या दृष्टीने यातली दुसरी गोष्ट निर्णायक ठरली, कारण गळणारे छप्पर दुरुस्त करता येते, पण एकदा खरवडून काढलेली नक्षी परत आणता येत नाही.

१९८९मध्ये कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर चित्र पालटले. १९९०पासून घरे दुरुस्त होऊन त्यांत पुन्हा वस्ती होऊ लागली. त्याच वर्षी विश्शी ब्रोदला साधूही परतले. १९९५ साली गाव राष्ट्रीय पातळीवर संरक्षित ग्राम म्हणून जाहीर झाले आणि तीन वर्षांनी युनेस्कोची मोहोर उमटली. मध्य युरोपातील खेडी त्या यादीत नवी नव्हती. हंगेरीतील होलोक्यो १९८७ साली आणि स्लोव्हाकियातील व्ल्कोलिनेत्स १९९३ साली तेथे पोहोचले होते. पण व्ल्कोलिनेत्स हे डोंगरातील लाकडी घरांचे गाव आहे, तर होलाशोवित्से हे सपाटीवरील, विटा आणि चुन्याचे, सधन शेतकऱ्यांचे गाव आहे. युनेस्कोने निवडीची दोन कारणे दिली. दोन लोकबांधकाम परंपरांच्या मिश्रणातून येथे एक टिकाऊ आणि असाधारण शैली तयार झाली, हे पहिले. आणि मध्य युरोपातील पारंपरिक ग्रामवस्तीचा इतका संपूर्ण व सुस्थितीतील नमुना दुर्मीळ आहे, हे दुसरे. पहिल्या कारणामागे प्लेगनंतरचे स्थलांतर उभे आहे आणि दुसऱ्यामागे युद्धानंतरची ओसाडी, हे निवडीच्या सरकारी भाषेत सहज नजरेतून सुटते.

आज होलाशोवित्से ही स्वतंत्र ग्रामपंचायत नसून शेजारच्या यान्कोव या गावच्या कारभाराखाली येते. जुलैमध्ये पटांगणावर शेतकरी उत्सव भरतो. कारागीर, खाद्यपदार्थ, संगीत आणि हजारो पाहुणे यांमुळे एरवी शांत असलेल्या गावात तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. एका जुन्या आवारात ग्रामीण जीवनाचे छोटे संग्रहालय आहे, एक-दोन ठिकाणी जेवणाची सोय आहे, आणि बाकीच्या घरांत माणसे राहतात. त्यामुळे फाटक उघडे दिसले म्हणून आत शिरणे योग्य नव्हे. गावाच्या कडेला उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे आणि अनेक पर्यटक त्यालाच प्राचीन समजून भारावून जातात. ते एकविसाव्या शतकात उभारलेले आहे आणि युनेस्कोच्या वारशाशी त्याचा काहीही संबंध नाही. वेळ थोडा असेल तर ते सोडून कोठारांच्या मागच्या बाजूने, बागांच्या कडेने चालत जावे. आवारांच्या तेराव्या शतकातील हद्दी तेथून पटांगणापेक्षाही स्पष्ट दिसतात.